झाकलेला दिवा

ऑगस्ट महिन्यात दोन तारखा लागोपाठ येतात. ९ ऑगस्ट हा नागासाकीवर अणुबाँब पडल्याचा दिवस, साल १९४५. १० ऑगस्ट हा राष्ट्रपतींचा तो आदेश निघाल्याचा दिवस, ज्यायोगे अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या मर्यादित झाल्या, साल १९५०. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध बांधवांचा त्यात समावेश झाला. दलित ख्रिस्ती मात्र आजही त्या दाराबाहेर उभा आहे. ह्या दोन तारखांचा परस्परांशी काही संबंध असेल असे कोणास वाटणार नाही. आम्हांसही वाटले नव्हते. तो संबंध एका गवंड्याने आम्हांस शिकवला, आणि तो शिकावयास आम्हांस सोळा वर्षे लागली.

आमचा जन्म वसईचा. हाकेच्या अंतरावर चर्च, पहाटे घंटा, सायंकाळी अंगणात जपमाळ, सणाला वाजंत्री आणि पाहुणे. ख्रिस्ती असणे म्हणजे काय हा प्रश्न आम्हांस लहानपणी कधी पडलाच नाही. पाण्यातील माशास पाण्याचा प्रश्न पडत नाही तसा. शाळेच्या अर्जात धर्माच्या रकान्यात वडील 'ख्रिश्चन' असे लिहीत आणि अर्ज पुढे सरकवीत. त्या एका शब्दापायी आमचे काही गेले नाही. काही जाऊ शकते हेच ठाऊक नव्हते.

श्रद्धेसाठी सोसणे म्हणजे काय, हे आम्ही शिकलो ते संत गोन्सालो गार्सिया ह्यांच्या चरित्रातून. ते आपल्याच मातीतले, वसईत जन्मलेले. धर्मशिक्षणाच्या वर्गात बाई त्यांची कथा सांगत: जपानमध्ये टोयोटोमी हिदेयोशीने ख्रिस्ती लोकांस पकडण्याची आज्ञा काढली, कानाचा लचका तोडून त्यांस भर थंडीत क्योतोपासून नागासाकीपर्यंत चालवीत नेले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांस क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकले. त्यांत बारा वर्षांचा एक मुलगाही होता. आम्ही तेव्हा अकरा-बारा वर्षांचेच. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या आम्ही स्वतःस विचारीत असू, "आपण असे उभे राहू का?" आणि बालपणीच्या निर्भयतेने उत्तर देत असू, "राहू."

सेमिनरीत गेल्यावर ते उत्तर अधिकच पक्के झाले. मनुष्य एक तर प्रभूला कबूल करतो किंवा नाकारतो, तिसरी वाट नाही, ही आमची समजूत होती. गुरुदीक्षा घेऊन आम्ही तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका मिशनच्या धर्मग्रामात दाखल झालो तेव्हा ही समजूत आमच्या सामानात नीट घडी घालून ठेवलेली होती.

२००४ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. पेरणीची वाट पाहण्याचे दिवस. दुपारी मिशनच्या पडवीत एक गृहस्थ येऊन बसले. पेशाने गवंडी; त्यांचे आजोबा पूर्वी त्याच धर्मग्रामात प्रार्थना चालवीत. गाव त्यांस अण्णा म्हणे, आम्हीही म्हणत असू. सोबत मुलगी होती. बारावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली. तिला नर्स व्हायचे होते. अण्णांच्या हाती एक अर्ज होता, चार घड्या घातलेला.

"फादर," ते म्हणाले, "शाळेच्या दाखल्यावर आमची जुनीच जात हाय. आजोबांपासनं ती कुणी बदलली न्हाई. तीच इथं लिवली तर पोरीला राखीव जागा मिळंल, फीबी माफ व्हईल. ख्रिश्चन लिवलं तर गेलं समदं. मी काय लिवू? पाप लागतं का ह्यात?"

आम्ही तेव्हा पस्तिशीत होतो. प्रश्न ऐकून क्षणभरही थांबलो नाही. जो मला लोकांसमोर नाकारील त्यास मीही पित्यासमोर नाकारीन, ह्या अर्थाचे प्रभूचे वचन आम्ही त्यांस ऐकवले. संत गोन्सालो गार्सियांची कथा सांगितली. एका रकान्यासाठी प्रभूला विकू नका, असेही म्हणालो. हे म्हणताना आमचा आवाज चढला होता, असे पुढे आमच्या स्वयंपाक्याने आम्हांस सांगितले.

अण्णांनी सर्व ऐकून घेतले. अर्जाची पाचवी घडी घातली. "बरं, फादर," म्हणाले, आणि उठले. मुलीने पायरीवर थांबून एकदा मागे वळून पाहिले. आम्ही तिला आशीर्वाद दिला. चहा विचारला नाही.

पुढील रविवारी पुरुषांच्या बाजूच्या सतरंजीवर अण्णांची जागा रिकामी होती. त्यापुढील रविवारीही होती. महिन्याभराने आम्ही मनाशी निष्कर्ष काढला: अण्णांनी अर्जात जात लिहिली, आता तोंड दाखवावयास लाजत आहेत. वर्षअखेरीस कुटुंबांची नोंदवही पुरी करताना त्यांच्या नावासमोर आम्ही स्वतःच्या हाताने दोन शब्द लिहिले: "येत नाहीत." दोन वर्षांनी आमची बदली झाली. सत्याच्या बाजूने उभे राहिल्याचे समाधान घेऊन आम्ही ते गाव सोडले.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती लपवली तर ह्या लेखात अर्थ उरणार नाही. ह्या प्रसंगाच्या पाच वर्षे आधी, १९९९ च्या जानेवारीत, आम्ही एसटीने प्रवास करीत होतो. आदल्याच नाताळात गुजरातेतील डांग भागात प्रार्थनामंदिरांवर हल्ले झाले होते. वर्तमानपत्रांत रोज काही ना काही येत होते. शेजारी बसलेल्या प्रवाशांचे त्याच विषयावर बोलणे चालले होते आणि ते बोलणे प्रेमाचे नव्हते. त्यांतील एकाने आम्हांस विचारले, "आपण काय करता?" आम्ही साध्या सदरा-पँटमध्ये होतो. "शिक्षक आहे," आम्ही म्हणालो. खोटे नव्हते, मिशनच्या शाळेत आम्ही दोन तास शिकवीत होतो. परंतु हे उत्तर देताना आमचा हात आपोआप गळ्याशी गेला आणि साखळीतील क्रूस सदऱ्याच्या आत सरकवून परत आला. भाला नव्हता, हिदेयोशी नव्हता, थंडीतील वाटचाल नव्हती. होता तो एक अनोळखी सहप्रवासी आणि तासाभराचा रस्ता. ही गोष्ट आम्ही कोणास सांगितली नाही. अण्णांस वचन ऐकवताना ती आठवलीही नाही. मनुष्य स्वतःच्या पडण्यास सोयीचे नाव देतो. दुसऱ्याच्या पडण्यास मात्र त्याला नेमके नाव सापडते.

वर्षे गेली. २०१९ च्या नोव्हेंबर महिन्यात पोप फ्रान्सिस नागासाकीस गेले आणि त्या सव्वीस रक्तसाक्षींच्या स्मारकापाशी त्यांनी प्रार्थना केली. आमच्या धर्मग्रामातील तरुणांनी आग्रह धरला की येत्या फेब्रुवारीत संत गोन्सालोंच्या सणाच्या वेळी ह्या विषयावर बोलावे. तयारीसाठी आम्ही वाचावयास बसलो. ठाऊक असलेलेच पुन्हा वाचावयाचे, अशी कल्पना होती. परंतु आमचे ज्ञान १५९७ पाशी थांबलेले होते. त्यानंतर जे घडले ते आम्ही कधी नीट वाचलेच नव्हते.

प्रथम संत गोन्सालोंविषयीच एक गोष्ट ध्यानी आली. तरुणपणी ते जेझुइट धर्मगुरूंचे साहाय्यक म्हणून जपानमध्ये काम करीत होते. त्या संघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनापासूनची इच्छा होती; ती फळास आली नाही. मनुष्य उत्तम, भाषा अस्खलित, सेवा प्रामाणिक, तरी दार उघडले नाही. ते दूर झाले, व्यापार करू लागले. व्यापारात यशही आले. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांस बंधू म्हणून स्वीकारले आणि दुभाषा म्हणून ते पुन्हा जपानला गेले. म्हणजे आपल्या ह्या संतास शत्रूंनी क्रुसावर चढवण्यापूर्वी स्वकीयांच्या दारातून रिकाम्या हाताने परतावे लागले होते. बाईंनी ही गोष्ट आम्हांस सांगितली असेलही. आमच्या मनात भालेच तेवढे राहिले.

पुढील इतिहास त्याहून विलक्षण आहे. १६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरू हाकलले गेले, मारले गेले. १६४४ च्या सुमारास अखेरचाही गेला. प्रत्येक कुटुंबास बौद्ध मंदिरात नाव नोंदवणे भाग पडले. आणि नागासाकी परिसरात दरवर्षी एक विधी सुरू झाला. प्रभू येशूची किंवा पवित्र मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवीत आणि गावातील प्रत्येकाने, लहानथोर सर्वांनी, तिच्यावर पाय देऊन पुढे जावयाचे. ह्यास फुमी-ए म्हणत. जो अडखळे तो ख्रिस्ती ठरे.

उराकामी नावाच्या खेड्यातील लोक काय करीत? ते पाय देत. वाचकहो, हे वाक्य वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवले होते. ते पाय देत, घरी येत, आणि दारे लावून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. बंदीपूर्वी धर्मगुरूंनी त्यांच्यासाठी ह्याच विषयावर एक छोटे पुस्तक लिहून ठेवले होते: जेथे पापनिवेदनासाठी धर्मगुरू मिळत नाही तेथे मनुष्याने केवळ देवाच्या प्रेमापोटी पूर्ण पश्चात्ताप करावा आणि पुढे संधी मिळताच पापनिवेदन करण्याचा निश्चय धरावा. ह्या पश्चात्तापास ते पोर्तुगीज शब्दावरून 'कोंचिरिसान' म्हणत. ती प्रार्थना आजोबांनी नातवास, नातवाने पुढे आपल्या नातवास शिकवली. गावात एक जण सणवारांचा हिशेब ठेवी, एक जण बाळांस स्नानसंस्कार देई, एक जण घरोघरी निरोप पोहोचवी. बौद्धांच्या करुणादेवीची, कान्नोनची, लहानशी मूर्ती घरात असे. तिच्याकडे पाहून ते पवित्र मरियेची प्रार्थना करीत. मिस्सा नाही, ख्रिस्तशरीर नाही, पापनिवेदन नाही. अशी दोनशेहून अधिक वर्षे गेली. सात पिढ्यांनी परत धर्मगुरू येतील ही एक आशा तेवढी राहिली.

आणि ते आले. १८६२ साली नवव्या पायस ह्यांनी त्या सव्वीस रक्तसाक्षींस संत म्हणून घोषित केले आणि त्यांच्याच नावे नागासाकीत ओउरा येथे फ्रेंच मिशनऱ्यांनी परदेशी लोकांसाठी चर्च बांधले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे काही स्त्री-पुरुष पाहुण्यांसारखे आत आले. फादर पेतिजां वेदीपुढे प्रार्थना करीत होते. एक स्त्री त्यांच्याजवळ गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली की आमचे आणि तुमचे अंतःकरण एकच आहे. आणि तिने पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. फादर पेतिजां ह्यांनी त्यांस मरियेच्या वेदीपाशी नेले. इतक्या वर्षांत तुम्ही किती वेळा पाय दिला, हे विचारून मग त्यांस वेदी दाखवली, असे कोठेही लिहिलेले नाही.

फुमी-ए तोवर बंद झाले होते, परंतु बंदी उठलेली नव्हती. उराकामीच्या लोकांनी आता उघडपणे मंदिरातील अंत्यविधी नाकारला आणि पुन्हा छळ सुरू झाला. सुमारे ३,४०० जणांस, म्हणजे जवळजवळ अवघ्या गावास, देशभर निरनिराळ्या ठिकाणी हद्दपार करण्यात आले. सहाशेहून अधिक लोक तेथेच मरण पावले. १८७३ साली बंदीचे फलक उतरले तेव्हा उरलेले घरी परतले. हे तेच लोक, ज्यांचे वाडवडील वर्षानुवर्षे पाय देऊन घरी येत. त्यांस इतके बळ कोणी दिले? आम्हांस एकच उत्तर सुचते: बंद दाराआड दोनशे वर्षे जपलेल्या पश्चात्तापाने. पुढे त्यांनी गावच्या मुखियाच्या घराची जागा विकत घेतली, जेथे दरवर्षी त्यांस प्रतिमेवर पाय द्यावा लागे, आणि त्याच जागी आपले कॅथीड्रल उभारले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी बाँब फुटला तो त्या कॅथीड्रलपासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर. बारा हजार भाविकांपैकी सुमारे साडेआठ हजार गेले. त्या वर्षीच्या नाताळात ढिगाऱ्यातून काढलेली घंटा पुन्हा वाजली.

पुस्तक मिटले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे जपान नव्हते. चार घड्यांचा एक अर्ज होता. सतरंजीवरील एक रिकामी जागा होती. आणि नोंदवहीतील आमच्याच अक्षरातील दोन शब्द होते.

२०२० च्या जानेवारीत आम्ही त्या गावी गेलो. मनात बोलावयाचे ठरवून ठेवले होते: "अण्णा, जे झाले ते झाले. तुम्ही जात लिहिलीत म्हणून प्रभू तुम्हांस टाकीत नाही." थोडक्यात, आम्ही क्षमा करावयास निघालो होतो.

अण्णा ओट्यावर बसले होते. दृष्टी मंदावलेली, हातांस गवंडीकामाने पडलेल्या भेगा तशाच. आवाजावरून त्यांनी आम्हांस ओळखले. चहा झाला. आम्ही ठरवलेले वाक्य सुरू केले. अण्णांनी हात वर करून आम्हांस थांबवले.

"फादर, मी जात न्हाई लिवली."

आम्ही गप्प झालो.

"तुमी सांगितलं तसंच लिवलं. ख्रिश्चन. जागा गेली पोरीची. दोन वर्सं घरी बसली, दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली. मग बैलजोडी इकली, थोडं कर्ज काढलं, तवा शिकली. आता नर्स हाय. तिचं चांगलं झालं."

"मग तुम्ही चर्चला का आला नाहीत, अण्णा?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमी सांगितलं, मी केलं. पर फुडं काय झालं, पोर कुठं हाय, घरात काय हाय, ते इचारायला कुणी आलं न्हाई. मला वाटलं, आपण येऊन सांगितलं तर तुमाला वाटंल, पैसं मागाया आलाय."

आम्ही पाहत राहिलो. ह्या मनुष्याने तो रकाना आमच्या शब्दाखातर भरला होता, त्याचे मोल मुलीच्या दोन वर्षांनी आणि बैलजोडीने चुकवले होते. आणि आम्ही त्याच्या नावासमोर "येत नाहीत" असे लिहून वही मिटली होती. आमचे वचन चुकीचे नव्हते. आजही कोणी तोच प्रश्न विचारला तर खोटे लिहा असे आम्ही सांगणार नाही. पण जो दुसऱ्यास क्रूस उचलावयास सांगतो त्याने त्याच्याबरोबर चार पावले चालले पाहिजे. सायमन कुरेनेकराने उपदेश केला नव्हता. त्याने खांदा दिला होता. धर्मग्रामातील चार घरांनी आणि आम्ही मिळून त्या मुलीच्या पहिल्या वर्षाची सोय करता आली असती. तो विचारच आमच्या मनास शिवला नव्हता. सत्य सांगून आमचे काम संपले, असे आम्हांस वाटले होते.

अण्णांनी आम्हांस आत नेले. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. पत्र्याच्या पेटीतून त्यांनी कापडात गुंडाळलेला आजोबांचा लाकडी क्रूस काढला आणि कोनाड्यात ठेवला. दिवेलागणीस रोज असा काढतो, जपमाळ झाली की पुन्हा ठेवतो, असे ते म्हणाले. पत्नी गेली तेव्हाही तिच्या उशाशी पश्चात्तापाची प्रार्थना त्यांनीच म्हटली होती. उराकामीच्या लोकांनी आपला दिवा राज्यकर्त्यांपासून झाकला होता. ह्या घराने तो आमच्यापासून झाकला होता.

ह्या लेखाचे वाचक बहुधा आमच्यासारखेच, ज्यांस ख्रिस्ती असण्याचे मोल क्वचितच द्यावे लागले, असे असतील. आपण संत गोन्सालोंचा सण थाटाने करतो, तो करावाच. पण पुढच्या रविवारी बाकावर बसण्यापूर्वी एकदा पाहावे, कोणाची जागा रिकामी आहे. तो का येत नाही ह्याचे उत्तर आपल्याजवळ तयार असेल, तर ते बाजूस ठेवून त्याच्या घरी जावे. आपल्या तयार उत्तराचे तेथे काय होते, ते आम्ही पाहिले आहे.

दिवेलागण झाली. आम्ही अण्णांची क्षमा मागितली. ते काही बोलले नाहीत. पेटीतून जपमाळ काढून त्यांनी आमच्या हाती दिली. आम्ही ती परत त्यांच्या हाती ठेवली. मग घोंगडीवर दोघे शेजारी बसलो. जपमाळ अण्णांनी सुरू केली, आणि आम्ही उत्तर दिले.